‘ॲज’च्या पुढे काय लिहायचं?

एक्सेलचे मॅक्रो शिकवणाऱ्या कितीतरी पुस्तकांत आणि क्लासच्या वह्यांत सुरुवातीलाच ‘डिम आय ॲज इंटिजर’ ही ओळ भेटते. ‘आय’ हा शीटच्या ओळी मोजणारा व्हेरिएबल आणि त्याचा टाइप इंटिजर. दोनशे नावांच्या सरावाच्या यादीवर मॅक्रो सुरळीत चालतो. मग तोच मॅक्रो नोकरीत कामाला लागतो, चाळीस हजार ओळींची यादी समोर येते, ३२,७६७ ओळी नीट पार पडतात आणि पुढच्या ओळीवर काम थांबतं: रन-टाइम एरर ६, ओव्हरफ्लो.

हा आकडा सोळा बिटांतून येतो. व्हीबीएतला, म्हणजे ‘व्हिज्युअल बेसिक फॉर ॲप्लिकेशन्स’मधला, इंटिजर दोन बाइटचा असतो. त्यात उणे ३२,७६८ पासून ३२,७६७ पर्यंतचेच पूर्णांक मावतात. १९९३ मध्ये एक्सेल ५ बरोबर व्हीबीए आलं तेव्हा एका शीटमध्ये १६,३८४ ओळी होत्या, त्यामुळे ओळी मोजायला इंटिजर पुरून उरत होता. एक्सेल ९७ मध्ये ओळी ६५,५३६ झाल्या आणि इंटिजर तोकडा पडला. २००७ पासून ओळी १०,४८,५७६ आहेत. शीट चौसष्ट पट वाढली, शिकवण्यातली ती ओळ मात्र जागची हलली नाही.

इंटिजरच्या बाजूनं एकच युक्तिवाद केला जातो, मेमरी वाचते. लाँग, म्हणजे मोठ्या पूर्णांकांचा टाइप, चार बाइट घेतो, इंटिजर दोन. एका काउंटरमागे दोन बाइट वाचले तर आजच्या संगणकाला त्याचं काहीच वाटत नाही, आणि ३२ बिटांच्या प्रोसेसरपासून पुढे इंटिजर वापरल्यानं वेगही वाढत नाही. तेव्हा ओळींचे क्रमांक, मोजण्या, लूपचे काउंटर यांच्यापुढे लाँगच लिहावा, यात मला दुसरी बाजू दिसत नाही. लाँगची मर्यादा २,१४,७४,८३,६४७ आहे, म्हणजे २१४ कोटींच्या वर. सोळा बिटांची किंमत मोजणारे फक्त मॅक्रोवालेच आहेत असंही नाही. ४ जून १९९६ रोजी एरियान ५ हे युरोपीय रॉकेट उड्डाणानंतर सुमारे चाळीस सेकंदांत फुटलं. त्याच्या दिशादर्शक यंत्रणेत ६४ बिटांचा दशांश आकडा १६ बिटांच्या पूर्णांकात बसवताना ओव्हरफ्लो झाला होता. ती भाषा एडा होती आणि प्रोग्राम आधीच्या एरियान ४ साठी लिहिलेला होता. त्या रॉकेटच्या वेगाला तो पुरत होता.

लाँग डिक्लेअर करूनही ओव्हरफ्लो येतो तेव्हा नवशिका गोंधळतो. एका दिवसातले सेकंद काढायला त्यानं लाँग व्हेरिएबलमध्ये २४ गुणिले ६० गुणिले ६० असं लिहिलेलं असतं. उत्तर ८६,४००, लाँगमध्ये सहज मावणारं. पण व्हीबीए आधी उजवी बाजू सोडवतं, आणि उजवीकडचे तिन्ही आकडे लहान असल्यानं ते त्यांना इंटिजर धरतं. इंटिजर गुणिले इंटिजर म्हणजे पुन्हा इंटिजर, आणि ते उत्तर त्यात मावत नाही. डावीकडे काय लिहिलंय ते पाहण्याची वेळच येत नाही. पहिल्या आकड्याला & हे चिन्ह चिकटवलं की तो लाँग होतो आणि सगळा हिशेब सरळ होतो. असाच एक सापळा लाँगच्याही वरचा आहे. नव्या शीटमधले एकूण सेल १७,१७,९८,६९,१८४ भरतात, म्हणून पूर्ण शीटवर ‘काउंट’ विचारलं की ओव्हरफ्लो येतो. त्यासाठी २००७ मध्ये ‘काउंटलार्ज’ नावाची वेगळी सोय द्यावी लागली.

तरीही ओव्हरफ्लो ही सज्जन चूक आहे. ती ओरडते, पिवळी ओळ दाखवते, मॅक्रो थांबवते. डेटा टाइप निवडताना खरं भय मुक्या चुकांचं असायला हवं, जिथे मॅक्रो शेवटपर्यंत चालतो, ‘काम पूर्ण झाले’ असा मेसेज येतो आणि आकडे चुकलेले असतात. ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेच्या रोजच्या आकड्यांतून कोविडचे १५,८४१ रुग्ण गळल्याचं उघड झालं. माहिती जुन्या एक्सएलएस प्रकारच्या फायलींत ओढली जात होती आणि ६५,५३६ च्या पुढच्या ओळी तिथे बसतच नव्हत्या. तो दोष फाइलच्या प्रकाराचा होता, व्हेरिएबलच्या टाइपचा नव्हे. पण जात तीच, न बोलणाऱ्या चुकीची.

मोबाइल नंबरपासून सुरुवात करू. भारतातला मोबाइल नंबर दहा आकडी, ६ ते ९ यांपैकी एका अंकानं सुरू होणारा. लाँगची मर्यादा २१४ कोटी, आणि सर्वांत लहान मोबाइल नंबरही ६०० कोटींच्या घरातला. म्हणजे ‘नंबर आहे, मोठा आहे, लाँग करू’ असं म्हणणाऱ्याला पहिल्याच ओळीला ओव्हरफ्लो येतो. मग तो ‘डबल’ हा दशांश आकड्यांचा टाइप लावून पाहतो, चालतं, आणि विषय मिटला असं वाटतं. आधार क्रमांक बारा आकडी, तोही डबलमध्ये बसतो. बँकेच्या कार्डाचा क्रमांक सोळा आकडी. तो सेलमध्ये नुसता टाइप केला की एक्सेल पंधराच अंक जपतं आणि सोळावा अंक शून्य होतो. पतसंस्थेचा खाते क्रमांक ००४५२१ असेल तर पुढची शून्यं जातात आणि ४५२१ उरतो. या सगळ्यांना नाव ‘नंबर’ असलं तरी त्यांची बेरीज कुणी करत नाही. दोन मोबाइल नंबरांची सरासरी काढायची वेळ कुणावर आलेली नाही. ज्याच्यावर गणित होणार नाही, तो स्ट्रिंग, म्हणजे मजकूर. पिन कोडही स्ट्रिंगच, जरी लाँगमध्ये तो आरामात मावत असला तरी.

मात्र व्हेरिएबल स्ट्रिंग केला की काम संपत नाही, आणि इथे पुष्कळ मार्गदर्शक पुस्तकं हात आखडता घेतात. मॅक्रोत जपलेलं ‘००४५२१’ पुन्हा सेलमध्ये लिहिलं की सेल आपला जुना स्वभाव दाखवतो, त्याला आकडा समजतो आणि शून्यं गिळतो. लिहिण्याआधी त्या कॉलमचा फॉरमॅट टेक्स्ट करावा लागतो. हेच गट नंबरांचं. सातबाऱ्यावरचा १२/३ हा गट स्ट्रिंग म्हणून साध्या सेलमध्ये लिहिला की तिथे तारीख उगवते. मग फॉरमॅट बदलून काही उपयोग नाही, कारण आतला १२/३ केव्हाच गेलेला असतो. जनुकशास्त्रज्ञांना हाच त्रास झाला: सप्टेंबर आणि मार्च यांच्या लघुरूपांसारखी दिसणारी जनुकांची नावं एक्सेल तारखांत बदलत असे, म्हणून मानवी जनुकांना नावं देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीनं २०२० मध्ये ती नावंच बदलून टाकली. सॉफ्टवेअर सुधारण्याची वाट पाहण्यापेक्षा विज्ञानाची परिभाषा बदलणं सोपं वाटावं, यावर काय बोलायचं!

थोडक्यात, प्रश्न व्हेरिएबलचा कमी आणि वेशीचा जास्त आहे. सेलला मुळात चारच गोष्टी कळतात: आकडा, मजकूर, खरं-खोटं आणि एरर. शिवाय तो रिकामा असू शकतो. सेलमधली तारीख म्हणजे तारखेचं फॉरमॅट चढवलेला आकडा, आणि सेलमधला प्रत्येक आकडा डबल. उलट व्हीबीएत डझनभर टाइप आहेत. मॅक्रोचं निम्मं आयुष्य या चार आणि बारांच्या मध्ये ये-जा करण्यात जातं आणि बहुतेक मुक्या चुका तिथेच होतात.

व्हेरिअंट हा टाइप याच वेशीसाठी जन्मला. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मायक्रोसॉफ्टमध्ये एक्सेलच्या मॅक्रो भाषेचा आराखडा लिहिणारे जोएल स्पॉल्स्की यांनी पुढे लिहून ठेवलंय, की बेसिक भाषेच्या गटाकडे त्यांनी केलेल्या मागण्यांत कुठलंही मूल्य धरू शकणारा व्हेरिएबल ही एक होती. कारण त्याशिवाय सेलमध्ये काय आहे हे आधी तपासल्यावाचून सेलचं मूल्य व्हेरिएबलमध्ये घेताच आलं नसतं. म्हणजे व्हेरिअंटला आळशी प्रोग्रामरची पळवाट म्हणणं अर्धवट आहे. सेल वाचताना तोच योग्य टाइप आहे. हजारो ओळींची श्रेणी एका दमात ॲरेमध्ये घ्यायची तर व्हेरिअंटशिवाय गत्यंतरच नसतं, आणि मॅक्रोचा वेग खऱ्या अर्थानं वाढतो तो या एका युक्तीनं. एकेक सेल वाचत बसण्यापेक्षा ती कितीतरी जलद. इंटिजरचे दोन बाइट वाचवणाऱ्यांनी आपला वेळ इथे घालावा. एक सावधानता मात्र हवी: श्रेणी एकाच सेलची निघाली तर हाती ॲरे येत नाही, नुसतं मूल्य येतं, आणि त्याचा शेवट शोधायला गेलं की एरर १३, टाइप मिसमॅच. महिनाभर चालणारा मॅक्रो एकच नोंद असलेल्या दिवशी आडवा पडतो तो बऱ्याचदा यामुळे.

व्हेरिअंटमध्ये घेतलेलं मूल्य पुढेही व्हेरिअंटमध्येच फिरत राहिलं की घोटाळे सुरू होतात. गुणपत्रिकेचं उदाहरण घ्या. गुणांच्या कॉलममध्ये कुठे ४२ आहे, कुठे गैरहजर मुलासाठी सेल रिकामा ठेवलाय, कुठे कुणी ‘गैर’ असं लिहिलंय, कुठे शोधसूत्रानं एरर टाकलीय. ते थेट लाँगमध्ये घेतलं तर ‘गैर’ आणि एरर यांच्यावर मॅक्रो थांबेल, ते बरंच झालं. पण रिकामा सेल लाँगमध्ये निमूट शून्य होतो. गैरहजर मुलगा नापास ठरतो आणि वर्गाची सरासरी घसरते, कुठेही आवाज न होता. व्हेरिअंटमध्ये घेऊन आधी रिकामं आहे का, एरर आहे का, आकडा आहे का हे विचारलं, आणि मगच लाँगमध्ये टाकलं, तर या चारही मुलांना न्याय मिळतो.

अधिकचं चिन्ह तर फारच फसवं. दोन सेलमध्ये १०० आणि २०० दिसतात, पण दुसऱ्या कुठल्या सॉफ्टवेअरमधून आल्यामुळे ते मजकूर म्हणून बसलेत. व्हेरिअंटमधून त्यांची बेरीज केली तर उत्तर ३०० येत नाही, १००२०० येतं. एक मजकूर आणि एक आकडा असेल तर मात्र नीट ३०० येतं, म्हणजे चूक कधी होते आणि कधी होत नाही. तुलनेतही तेच: एका व्हेरिअंटमध्ये आकडा ५ आणि दुसऱ्यात मजकूर ‘५’ असेल तर व्हीबीए त्यांना समान मानत नाही, व्हेरिअंटमधला आकडा व्हेरिअंटमधल्या मजकुरापेक्षा नेहमीच लहान, असा नियम आहे. ‘डिक्शनरी’ वापरणाऱ्यांनी हे खास लक्षात ठेवावं. १०१ हा आकडा आणि ‘१०१’ हा मजकूर या तिच्या दृष्टीनं दोन वेगळ्या किल्ल्या आहेत. हजेरी क्रमांक एका शीटमध्ये आकडा आणि दुसरीत मजकूर असले की अर्धा वर्ग ‘सापडला नाही’ म्हणून बाहेर पडतो. किल्ली देताना दोन्हीकडे स्ट्रिंगमध्ये बदलून घेतली की हा विषय संपतो.

मजकुराचा आकडा करायला ‘व्हॅल’ हे फंक्शन जुन्या मॅक्रोंत सर्रास दिसतं. आपल्याकडे ते घातक आहे. ओळखीचं नसलेलं पहिलं चिन्ह आलं की ते वाचणं थांबवतं, आणि स्वल्पविराम त्याच्या ओळखीचा नाही. ‘१,२५,०००’ या मजकुरातून व्हॅल काढतं ते १. सव्वा लाखाचा एक रुपया. ‘सीडीबीएल’ हे फंक्शन स्वल्पविराम समजून घेतं आणि नीट सव्वा लाख देतं, आणि समोर भलताच मजकूर आला तर एरर देऊन थांबतं. वर म्हटलेली सज्जन चूक ती हीच.

आता पैसा. पैशासाठी डबल वापरू नये, असं ठामपणे म्हणणारे आणि ‘काही होत नाही हो’ म्हणणारे असे दोन पक्ष आहेत. खरं तर डबलमध्ये ०.१ हा आकडा नेमका ठेवताच येत नाही, कारण तो द्विमान पद्धतीत आवर्ती होतो. ०.१ दहा वेळा मिळवला आणि उत्तर १ आहे का विचारलं, तर व्हीबीए नाही म्हणतं. फरक सतराव्या अंकाच्या आसपास असतो. पडद्यावर तो दिसत नाही, पण जमा आणि नावे जुळतात का अशी तुलना मॅक्रो करत असेल तर ताळेबंद जुळूनही जुळत नाही. करन्सी हा टाइप यासाठीच आहे. तो आठ बाइटांत चार दशांश स्थळांपर्यंतची रक्कम दहा हजारपट करून पूर्णांक म्हणून ठेवतो, त्यामुळे पैसे सांडत नाहीत. त्याची मर्यादा सुमारे ९२२ लाख कोटी आहे. एखाद्या राज्याचा अर्थसंकल्पही त्यात आरामात मावतो. सोसायटीचा मेंटेनन्स, पगारपत्रक, पतसंस्थेची ठेव, सगळीकडे करन्सी घ्यावा. पण व्याजाचा दर किंवा परकीय चलनाचा भाव करन्सीत ठेवू नये, तिथे चारच दशांश उरतात आणि मुद्दल मोठं असेल तर ते महागात पडतं. दर डबलमध्ये, रक्कम करन्सीत, असं ठेवलं की गुणाकाराचं उत्तर डबल येतं आणि ते कुठे, कसं पूर्णांकित करायचं हे आपल्याला एका जागी ठरवता येतं. हाच धोका सेल वाचतानाही आहे. सेलला चलनाचं फॉरमॅट असेल तर ‘व्हॅल्यू’ हा गुणधर्म करन्सी देतो आणि पाचवा दशांश जातो. ‘व्हॅल्यू टू’ डबल देतो. याहून बारीक काम असेल तर डेसिमल आहे, अठ्ठावीस अंकांपर्यंत नेमका. पण तो स्वतंत्रपणे डिक्लेअर करता येत नाही, व्हेरिअंटच्या पोटात ‘सीडेक’ करूनच ठेवावा लागतो. मायक्रोसॉफ्टनं ते अर्धवट का सोडलं कोण जाणे, पण त्यामुळे तो फार कमी मॅक्रोंत दिसतो.

टाइप बरोबर निवडूनही पूर्णांकित करताना पाय घसरतो. व्हीबीएचं ‘राउंड’, आणि लाँग किंवा इंटिजरमध्ये बदलणारी फंक्शनं, नेमका अर्धा आला की जवळच्या सम आकड्याकडे जातात. म्हणजे २.५ चे २ होतात आणि ३.५ चे ४. सांख्यिकीच्या दृष्टीनं यात शहाणपण आहे, सगळे अर्धे वर ढकलले की बेरीज फुगते. पण शीटमधलं राउंड सूत्र शाळेतल्या रीतीनं अर्धा वर नेतं, आणि केंद्रीय जीएसटी कायद्याचं कलम १७० स्पष्ट सांगतं, की पन्नास पैसे किंवा त्याहून जास्त असतील तर पुढचा रुपया, कमी असतील तर ते सोडून द्यायचे. कराची रक्कम १२५०.५० आली तर कायद्यानं १२५१ व्हायला हवी; व्हीबीएचं राउंड १२५० देतं. त्याच फायलीतलं सूत्र १२५१ दाखवतं. एका रुपयाचा हा फरक शोधण्यात संध्याकाळ घालवलेले हिशेबनीस कमी नसतील. उपाय साधा आहे: मॅक्रोतूनही शीटचंच राउंड बोलवायचं, ‘वर्कशीटफंक्शन’च्या मार्फत. लाँगमध्ये रक्कम टाकून पैसे आपोआप उडवण्याची सवय तर मोडूनच काढावी.

तारखांचं दुखणं याच्या दुप्पट. डेट हा टाइप आतून डबलच आहे: पूर्णांक म्हणजे दिवस, दशांश म्हणजे वेळ. घोटाळा होतो तो तारीख मजकुरातून येते तेव्हा. ‘०३/०४/२०२४’ हे आपल्याला तीन एप्रिल. संगणकाची प्रादेशिक सेटिंग अमेरिकी असेल तर ते चार मार्च. त्याच संगणकावर ‘१३/०४/२०२४’ दिलं तर तेरावा महिना नसल्यामुळे व्हीबीए गुपचूप अदलाबदल करून तेरा एप्रिल मानतं. म्हणजे एकाच यादीतल्या महिन्याच्या पहिल्या बारा तारखा एका रीतीनं आणि उरलेल्या दुसऱ्या रीतीनं वाचल्या जातात. सीएसव्ही फाइल मॅक्रोतून उघडली तर संगणकाची सेटिंग भारतीय असूनही एक्सेल अमेरिकी रीत लावतं. त्यात ‘१३/०४’ वाल्या तारखा मजकूर म्हणून पडून राहतात आणि ‘०३/०४’ वाल्या मार्चमध्ये जातात. उघडताना ‘लोकल’ हा पर्याय खरा करावा लागतो. त्याहून चांगलं म्हणजे तारीख मजकूर म्हणून घ्यावी, दिवस, महिना, वर्ष आपण वेगळे करावेत आणि ‘डेटसीरियल’ला द्यावेत. ओळी तीन वाढतात, पण त्यात अंदाजाला जागा राहत नाही.

कुलवृत्तांत जमवणाऱ्या मंडळींना आणखी एक अडचण येते. सेलमधल्या तारखा १९०० सालापासून सुरू होतात, त्याआधीची तारीख सेलला तारीख म्हणून कळतच नाही. टिळकांची जन्मतारीख, २३ जुलै १८५६, सेलमध्ये मजकूर होऊन बसते. व्हीबीएचा डेट मात्र इसवी सन १०० पासून ९९९९ पर्यंत जातो, त्याला १८५६ चं वावडं नाही. दोघांचं मोजणंही सुरुवातीला एका दिवसानं वेगळं आहे. लोटस १-२-३ या जुन्या स्प्रेडशीटनं १९०० हे लीप वर्ष धरलं होतं, आणि तिच्या फायली चालाव्यात म्हणून एक्सेलनं ती चूक तशीच घेतली. त्यामुळे शीटमध्ये २९ फेब्रुवारी १९०० हा कधीच न उगवलेला दिवस आहे. व्हीबीएनं तो मानला नाही, पण आपला शून्यावा दिवस ३० डिसेंबर १८९९ ला ठेवला, म्हणजे १ मार्च १९०० पासून दोन्ही जुळतात. वंशावळीच्या कामात वर्ष, महिना, दिवस असे तीन कॉलम ठेवावेत हे उत्तम. तसंही जुन्या नोंदींत अनेकदा फक्त सालच मिळतं.

स्ट्रिंगबद्दल मराठी माणसाला थोडं जास्त सांगायला हवं. व्हीबीएच्या आत स्ट्रिंग युनिकोड असते, सेलमधलं देवनागरी ती बिनचूक वाचते आणि लिहिते. पण मॅक्रो लिहिण्याची खिडकी युनिकोड नाही. तिथे अवतरणात ‘मराठी’ असं चिकटवलं की पाच प्रश्नचिन्हं उमटतात, आणि मेसेज बॉक्सही देवनागरी दाखवत नाही. म्हणून मराठी शीर्षकं शीटच्या एखाद्या कोपऱ्यातल्या सेलमध्ये ठेवून तिथून वाचावीत, किंवा ‘सीएचआरडब्ल्यू’ या फंक्शननं एकेक अक्षर क्रमांकानं बांधावं; ‘म’चा क्रमांक २३५०. पहिली रीत मला जास्त पटते, कारण दुसरीत लिहिलेला मॅक्रो सहा महिन्यांनी लिहिणाऱ्यालाही वाचता येत नाही. लांबी मोजतानाही जपावं लागतं. ‘मराठी’ची लांबी पाच येते, ‘स्त्री’ची सहा, कारण काना, वेलांटी आणि हलन्त हे सगळे स्वतंत्र मोजले जातात. त्यामुळे ठरावीक लांबीच्या स्ट्रिंगमध्ये मराठी नावं कोंबली की एखाद्याची वेलांटी कापली जाते आणि एखाद्याचं जोडाक्षर अर्ध्यावर तुटतं. ठरावीक लांबीची स्ट्रिंग जुन्या फायलींच्या साच्यासाठी ठीक, आपल्या नावांसाठी नको.

उरलेल्या टाइपांवर फार शाई खर्च करण्याची गरज नाही. बाइट ० ते २५५ पर्यंतच, क्वचित लागतो. सिंगल सहा-सात अंकांपुरताच नेमका असतो, तो टाळावा. बूलियनबद्दल एवढंच, की व्हीबीएत खरं म्हणजे उणे एक, शीटमधल्यासारखं अधिक एक नाही. पास झालेल्यांची संख्या खऱ्या-खोट्याची बेरीज करून काढली तर ती उणे येते. ‘ऑब्जेक्ट’ऐवजी ‘वर्कशीट’, ‘रेंज’ असं नेमकं लिहावं, म्हणजे टाइप करताना सूचना मिळतात आणि चुका मॅक्रो चालवण्याआधीच पकडल्या जातात. लाँगलाँग हा आठ बाइटचा पूर्णांक फक्त ६४ बिटांच्या ऑफिसमध्ये मिळतो, आणि लाँगपॉइंटर विंडोजची फंक्शनं बोलावणाऱ्यांसाठी आहे. ज्यांचे जुने मॅक्रो ६४ बिटांच्या ऑफिसवर एकदम लाल झाले, त्यांची त्याच्याशी ओळख झालेलीच असेल.

टाइप लिहूनही तो लागू न होणं, हा एक वेगळाच प्रकार. ‘डिम आय, जे, के ॲज लाँग’ असं लिहिलं की तिघेही लाँग झाले असं वाटतं. प्रत्यक्षात फक्त ‘के’ लाँग, पहिले दोन व्हेरिअंट. सी किंवा जावा शिकून आलेला माणूस यात हमखास फसतो. सहसा काही बिघडत नाही, पण ‘आय’ पुढे एखाद्या लाँग मागणाऱ्या प्रोसीजरला दिला की कम्पायलर ‘बायरेफ आर्ग्युमेंट टाइप मिसमॅच’ म्हणून अडवतो, आणि वर तर स्पष्ट लाँग लिहिलेलं दिसत असतं! प्रत्येकापुढे वेगळा ‘ॲज’ लिहावा. आणि ‘ऑप्शन एक्स्प्लिसिट’ ही ओळ मॉड्यूलच्या माथ्यावर हवीच. ती नसेल तर ‘एकूण’साठी घेतलेल्या नावात एक अक्षर चुकलं की व्हीबीए नवा रिकामा व्हेरिअंट निर्माण करतं आणि शून्य मिळवून पुढे जातं. ही ओळ आपोआप यावी अशी सेटिंग एडिटरच्या पर्यायांत आहे, पण मुळात ती बंद असते.

टाइप सगळंच सांगू शकत नाही, हेही खरं. ओळीचा क्रमांक आणि कॉलमचा क्रमांक दोन्ही लाँग. एकाच्या जागी दुसरा गेला तर कुठलीच एरर येत नाही. चार्ल्स सिमोनी यांनी मायक्रोसॉफ्टमध्ये रुजवलेली नामकरणाची पद्धत मुळात यासाठी होती. नावाच्या सुरुवातीला तो आकडा ओळीचा की कॉलमचा, हे सांगणारी दोन-तीन अक्षरं असायची. पुढे तिचा विपर्यास झाला आणि लोक सगळ्या लाँगना ‘एलएनजी’ आणि सगळ्या स्ट्रिंगना ‘एसटीआर’ लावू लागले. टाइप तर वर डिक्लेअर केलेलाच असतो, तो नावात पुन्हा कशाला? ‘ओळ’, ‘करपात्ररक्कम’, ‘दरटक्के’ अशा अर्थाची नावं, अर्थात रोमन लिपीत, जास्त उपयोगी पडतात.

लिब्रेऑफिसचं बेसिक या बाबतीत व्हीबीएचं धाकटं भावंड आहे. तिथेही इंटिजर सोळा बिटांचाच आणि ‘डिम’च्या ओळीतल्या स्वल्पविरामाचा सापळा तोच. गूगल शीट्सच्या ॲप्स स्क्रिप्टमध्ये टाइप लिहावाच लागत नाही, आकडा म्हणजे सरसकट डबल. त्यामुळे ओव्हरफ्लोची कटकट गेली, पण पैशासाठी करन्सीही गेला आणि रिकामा सेल तिथे रिकामी स्ट्रिंग होऊन येतो. मायक्रोसॉफ्टच्याच नव्या ऑफिस स्क्रिप्ट्स टाइपस्क्रिप्टमध्ये लिहितात, आणि तिथे ‘काहीही चालेल’ अशा अर्थाचा ‘एनी’ हा टाइप लिहिला तर स्क्रिप्ट चालतच नाही. सेल वाचला की तो मजकूर, आकडा किंवा खरं-खोटं यांपैकी काहीतरी आहे एवढंच ती भाषा मान्य करते. काय ते तपासल्याशिवाय त्याच्यावर गणित करू देत नाही. व्हीबीएत हीच तपासणी ‘व्हारटाइप’नं होते. सेल व्हेरिअंटमध्ये घेऊन त्याला विचारलं तर रिकाम्यासाठी ०, डबलसाठी ५, करन्सीसाठी ६, तारखेसाठी ७, मजकुरासाठी ८, एररसाठी १० आणि बूलियनसाठी ११ मिळतो. फरक इतकाच, की व्हीबीएत ते विचारण्याची सक्ती कुणी करत नाही.